आठळीयुक्त फळझाडांच्या जनुकीय नकाशांची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बागायतदार, रोपवाटिकाधारक आणि कृषी शाखेचे विद्यार्थी यांच्याशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विषय पीच, बदाम, जर्दाळू, चेरी अशा थंड मुलखातील झाडांचा असला, तरी विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा स्वतःच्या बागेतील हापूस किंवा काजू असतो. म्हणून आधी त्या झाडांवर काय साधले ते सांगितले आहे आणि त्यातले आपल्या झाडांना काय लागू पडते, हे पुढे आले आहे.

जनुकीय नकाशा म्हणजे नेमके काय?

गुणसूत्रावर जनुके एका ओळीत असतात. परागकण किंवा अंडपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांजवळ येऊन आपापल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. गुणसूत्रावरील दोन ठिकाणे जितकी दूर, तितकी या अदलाबदलीत त्यांची ताटातूट होण्याची शक्यता अधिक. एका संकराच्या संततीत अशी ताटातूट किती झाडांत झाली हे मोजले की त्या दोन ठिकाणांमधील अंतराचा अंदाज येतो, आणि अशी अनेक अंतरे जुळवत गेल्यावर ठिकाणांचा क्रमही लागतो. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ साली फळमाशीच्या एका गुणसूत्रावरील सहा जनुकीय घटकांचा क्रम याच तर्काने लावला. तो पहिला जनुकीय नकाशा मानला जातो. शंभर जननपेशींमागे एकीत ताटातूट होत असेल, तर ते अंतर साधारण एक सेंटीमॉर्गन धरतात.

हे अंतर किलोमीटरसारखे नसून प्रवासाच्या वेळेसारखे असते. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटातील थोडे किलोमीटर बराच वेळ खातात आणि सपाटीवरचे पुष्कळ किलोमीटर झटकन सरतात. गुणसूत्रावरही काही भागांत अदलाबदल वारंवार होते, तर काही भागांत ती जवळजवळ होतच नाही. त्यामुळे डीएनएच्या अक्षरांत मोजलेले अंतर आणि सेंटीमॉर्गनमधील अंतर सगळीकडे एकाच प्रमाणात राहत नाहीत. पीचचा जीनोम (म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातील संपूर्ण डीएनए) सुमारे २२ कोटी ७० लाख अक्षरांचा आणि प्रूनस प्रजातीचा (पीच, बदाम, जर्दाळू, चेरी अशा झाडांच्या गटाचा) संदर्भ नकाशा ५१९ सेंटीमॉर्गनचा आहे, म्हणजे सरासरीने एका सेंटीमॉर्गनला साडेचार लाखांच्या आसपास अक्षरे येतात. मात्र ही सरासरी एखाद्या विशिष्ट ठिकाणी लावून पाहणाऱ्याची हमखास फसगत होते.

नकाशावर ज्यांना ‘मार्कर’ म्हणतात, त्या खुणा कसल्या असतात?

डीएनएतील ज्या जागी दोन पालकांत फरक दिसतो, ती जागा खूण म्हणून वापरता येते. सुरुवातीच्या नकाशांत, विकराने कापलेल्या डीएनएच्या तुकड्यांच्या लांबीतील फरक दाखवणाऱ्या आरएफएलपी प्रकारच्या खुणा असत. पुढे लहान अक्षरसमूहांची पुनरावृत्ती मोजणाऱ्या एसएसआर खुणा आल्या आणि आता एकाच अक्षराचा बदल टिपणाऱ्या एसएनपी खुणा हजारोंनी मिळतात. खूण स्वतः कोणताही गुण घडवत असेलच असे नाही. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाप्रमाणे ती फक्त ठिकाण सांगते.

नकाशाच्या संदर्भात कोसंबींचे नाव येते. ते आपले इतिहासकार कोसंबीच का?

होय, तेच. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत असताना, १९४४ साली त्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यातील सूत्र आजही जगभरच्या वनस्पती-प्रजनन प्रयोगशाळांत वापरले जाते. प्राचीन भारताच्या इतिहासावरील त्यांच्या लेखनाची आपल्याकडे जितकी चर्चा होते, तितकी या सूत्राची होत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

या सूत्राची गरज का पडते, ते पाहू. दोन खुणांच्या मध्ये अदलाबदल दोनदा झाली, तर दोन्ही खुणा पुन्हा मूळच्याच जोडीत येतात आणि मोजणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते. त्यामुळे मोठी अंतरे प्रत्यक्षापेक्षा कमी भासतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर एक सूत्र दिले होते, पण त्यात एका जागची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला मुळीच अडवत नाही असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती अडवते, आणि जवळच्या अंतरात हा अडथळा जास्त असतो. कोसंबींनी हे सूत्रात आणले. संततीत २० टक्के ताटातूट दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन येते आणि कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. ताटातूट १० टक्के असेल, तर हेच आकडे सुमारे ११.२ आणि १०.१ असे येतात. म्हणजे खुणा जवळ असल्या की दोन्ही सूत्रांतील फरक कमी होत जातो. म्हणून दोन नकाशांच्या लांबीची तुलना करण्याआधी ते कोणत्या सूत्राने काढले आहेत हे पाहणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

आंब्यालाही आठळी असते आणि पीचलाही. मग या दोघांचे नकाशे जोडता येतील का?

तसे करता येत नाही. आठळी हा फळाचा आकार झाला, त्यावरून नाते सिद्ध होत नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने नारळसुद्धा आठळीयुक्त फळ आहे. सोडण हे त्याच्या फळभित्तीचे मधले आवरण आणि करवंटी ही आठळी. तरी नारळ ताडकुळातला, आंबा काजूच्या कुळातला आणि पीच गुलाबाच्या कुळातला. नकाशांची तुलना साधते ती समान पूर्वजापासून आलेल्या झाडांत, कारण त्या पूर्वजाच्या गुणसूत्रांवरील क्रम वंशजांत टिकून राहिलेला असतो. नाते जितके दूरचे, तितका तो क्रम विस्कटलेला.

कोकणात अनेक घरांच्या अंगणात जो ‘बदाम’ असतो, ज्याची फळे मुले दगडाने फोडून आतला गर खातात, त्याचाही या बदामाशी काही संबंध नाही. तो देशी बदाम अर्जुन, हिरडा आणि बेहडा यांच्या कुळातला आहे. दुकानात मिळणारा खरा बदाम मात्र पीचचा अगदी जवळचा नातलग आहे. पीचची आठळी फोडून पाहिली तर आतली बी थेट बदामासारखी दिसते. (ती खाऊ नये, कारण तिच्यातील कडू द्रव्यापासून सायनाइड तयार होते.)

मग प्रूनस प्रजातीतील झाडांचे नकाशे कसे तयार झाले आणि ते एकमेकांशी जुळतात, म्हणजे नेमके काय?

पीच, बदाम, जर्दाळू, गोड चेरी आणि जपानी आलुबुखार या सगळ्या झाडांच्या पेशीत १६ गुणसूत्रे, म्हणजे ८ जोड्या असतात. तुलनेच्या कामाचा पाया ‘टेक्सास’ हा बदाम आणि ‘अर्लीगोल्ड’ हा पीच यांच्या संकराने घातला. या संकराच्या दुसऱ्या पिढीतील झाडांवरून काढलेला नकाशा १९९८ मध्ये २४६ खुणांसह प्रसिद्ध झाला. पुढे त्यात भर पडत २००४ पर्यंत ५६२ खुणा झाल्या आणि दोन खुणांमधील सरासरी अंतर एक सेंटीमॉर्गनपेक्षाही कमी झाले. आठ गुणसूत्र-जोड्यांसाठी आठ सहलग्न गट (एकाच गुणसूत्रावर असल्यामुळे एकत्र वारशाने येणाऱ्या खुणांचे गट), असा हा नकाशा संपूर्ण प्रजातीचा संदर्भ नकाशा म्हणून स्वीकारला गेला.

पालक म्हणून दोन वेगळ्या जाती का निवडल्या, यामागे विचार होता. पीच बहुधा स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे दोन पीच वाणांत फरक कमी आणि म्हणून खुणाही कमी सापडतात. बदामाला सहसा दुसऱ्या झाडाचा पराग लागतो आणि त्यात विविधता भरपूर असते. या दोघांचा संकर केला तर जवळजवळ प्रत्येक खुणेच्या जागी फरक मिळतो, आणि संकरित झाड फळते-फुलतेही. असे पीच-बदाम संकर भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत कलमासाठी खुंट म्हणून वापरले जातात. ‘जीएफ ६७७’ हा खुंट त्यातलाच.

आता ‘जुळणे’ म्हणजे काय ते पाहू. मुंबई-गोवा महामार्गावर कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हा क्रम आहे, आणि कोकण रेल्वेवरही तोच आहे. रस्ता आणि रूळ वेगवेगळ्या वळणांनी जातात, अंतरे सारखी नाहीत, सावंतवाडीचे स्थानक तर गावापासून दूर आहे. पण गावांची नावे समान असल्यामुळे एक नकाशा दुसऱ्यावर ठेवता येतो. जनुकीय नकाशांत ही समान गावे म्हणजे अँकर मार्कर, म्हणजेच अनेक जातींत सापडणाऱ्या सामायिक खुणा. प्रूनसमध्ये पीचसाठी बनवलेल्या पुष्कळशा एसएसआर खुणा जर्दाळूत आणि चेरीतही चालल्या, हे मोठे सुदैव. २००४ मध्ये संदर्भ नकाशाची अशा खुणांच्या आधारे इतर १३ नकाशांशी तुलना झाली आणि प्रूनसच्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोनच संच असलेल्या) जातींमध्ये खुणांचा क्रम मुख्यतः एकच आहे, असा निष्कर्ष निघाला. पीच आणि चेरी दिसायला, चवीला, झाडाच्या ठेवणीला इतके वेगळे असूनही त्यांच्या गुणसूत्रांवरील मांडणी लाखो वर्षे टिकून राहिली, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

हा क्रम कुठे बिघडलेला आढळतो का?

आढळतो, आणि तिथे फार सावध राहावे लागते. ‘गार्फी’ हा बदाम आणि ‘नेमारेड’ हा लाल पानांचा पीच यांच्या संकरात गट ६ आणि गट ८ यांच्या खुणा एकाच गटात आल्यासारख्या दिसल्या. त्याचे कारण असे की एका पालकात या दोन गुणसूत्रांचे टोकाकडचे तुकडे एकमेकांत बदलले गेले होते, जणू दोन गाड्यांचे मागचे डबे चुकीच्या इंजिनाला जोडले जावेत. अशा संकरित झाडाचे बरेचसे परागकण वांझ निघतात. नकाशा काढणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही, तर सात गट मिळाल्यावर तो आपल्याच मोजणीला दोष देत बसतो.

सफरचंद आणि स्ट्रॉबेरीही पीचप्रमाणे गुलाबाच्याच कुळातली. त्यांच्याशी तुलना होते का?

होते, पण ती तुकड्यांपुरतीच. सफरचंदात गुणसूत्रांच्या १७ जोड्या आहेत आणि त्याच्या पूर्वजात कधीतरी संपूर्ण जीनोम दुप्पट झाला, त्यामुळे पीचच्या एका भागाला सफरचंदात अनेकदा दोन भाग जुळतात. रानटी स्ट्रॉबेरीत ७ जोड्या आहेत. या सगळ्यांवरून मूळ पूर्वजात ९ जोड्या असाव्यात, अशी मांडणी २०११ मध्ये केली गेली.

आंबट चेरी आणि युरोपीय आलुबुखार यांचे काय?

आंबट चेरीत ३२ आणि युरोपीय आलुबुखारात ४८ गुणसूत्रे असतात, म्हणजे मूळ आठाच्या संचाच्या अनुक्रमे चार आणि सहा प्रती. प्रत्येक खुणेच्या इतक्या प्रती एकाच वेळी मोजाव्या लागत असल्यामुळे त्यांचे नकाशे काढणे किचकट होते. तिथे गोड चेरी किंवा पीच यांचा साधा नकाशा वाटाड्याचे काम करतो.

या सगळ्याचा बागायतदाराला काय उपयोग?

फळझाड बियांपासून वाढवले तर त्याला पहिले फळ यायला काही वर्षे जातात, आणि फळ चांगले की वाईट हे कळेपर्यंत रोपाने जागा, पाणी आणि मजुरी खाल्लेली असते. एखाद्या गुणाजवळची खूण माहीत असेल, तर दोन पानांचे रोप असतानाच त्याच्या पानाचा तुकडा घेऊन नको ती रोपे बाजूला करता येतात.

बदामाची बी कडू की गोड हे मुख्यत्वे एकाच जनुकावर ठरते. ते जनुक गट ५ वर आहे आणि गोडपणामागचा नेमका बदल २०१९ मध्ये सापडला. पीचच्या गराचा पांढरा किंवा पिवळा रंग गट १ वर आणि सालीवरची लव असणे-नसणे गट ५ वर नोंदले गेले आहे. पण तुलनेचे खरे बळ दिसते ते खुंटांच्या कामात. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना रोखणारे एक जनुक मायरोबलान जातीच्या आलुबुखारात गट ७ वर सापडले, आणि दुसरे नेमारेड पीचमध्ये गट २ वर. ही दोन जनुके दोन वेगळ्या जातींत असूनही एकाच सामायिक नकाशावर बसली, आणि त्यामुळे दोन्ही एकाच खुंटात आणण्याचा मार्ग खुणांच्या मदतीने आखता आला. सूत्रकृमी एका जनुकावर मात करण्याची भीती नेहमी असते; दोन जनुके एकत्र असली तर ती मात कठीण होते.

फळ पिकण्याच्या तारखेचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पीच, जर्दाळू आणि गोड चेरी या तिन्हींचा एकत्र अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्हींत पक्वतेच्या काळावर मोठा प्रभाव टाकणारा भाग गट ४ वरच, एकमेकांशी जुळणाऱ्या जागी निघाला. एका जातीत सापडलेली गोष्ट दुसऱ्या जातीत कुठे शोधायची, हे तुलनेने असे सांगितले जाते. मात्र त्यावरून तिथे तेच जनुक काम करते असे गृहीत धरू नये, ते प्रत्येक जातीत तपासूनच घ्यावे लागते.

जीनोम पूर्ण वाचला गेल्यावर नकाशाची गरज उरली का?

उरली आहे. ‘लव्हेल’ नावाच्या पीचचा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सुमारे २७,८०० जनुके नोंदवली गेली. पण यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे आठ गुणसूत्रांवर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने लावायचे, हे ठरवताना जनुकीय नकाशांचाच आधार घेतला गेला. शिवाय जीनोम हा एका झाडाचा मजकूर असतो. गोडी, आंबटपणा किंवा रोगप्रतिकार यांतील फरक त्या मजकुरात कुठे दडला आहे, हे संततीत तो फरक मोजल्याशिवाय कळत नाही.

नकाशासाठी किती झाडे लागतात?

शंभर झाडांच्या संततीतून साधारण एक सेंटीमॉर्गनपर्यंतचा तपशील मिळण्याची अपेक्षा ठेवता येते. त्याहून बारीक हवे असेल तर झाडे वाढवावी लागतात. पण एकदा भक्कम नकाशा तयार असला, की नव्या खुणा बसवण्यासाठी दरवेळी संपूर्ण संतती लागत नाही. प्रूनसच्या संदर्भ संततीतून, अदलाबदलीच्या जागा नकाशाभर पसरलेल्या असतील अशी सहा झाडे २००५ मध्ये निवडली गेली. त्यांच्या जोडीला एक पालक आणि मूळ संकरित झाड घेऊन केवळ आठ नमुन्यांवर शेकडो एसएसआर खुणांच्या जागा निश्चित केल्या गेल्या. कमी निधीच्या प्रयोगशाळांसाठी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

आंब्याचा जनुकीय नकाशा आहे का? त्यात अडचण कोणती?

आहे. आंब्यात ४० गुणसूत्रे, म्हणजे २० जोड्या असतात. २०१७ मध्ये सात संततींवरून काढलेला ७२६ एसएनपी खुणांचा नकाशा प्रसिद्ध झाला आणि त्यात २० गट मिळाले. २०२० मध्ये आंब्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तो हापूसचा होता.

अडचण सुरू होते ती मोहोरातच. आंब्याच्या एका तुऱ्यात नर फुलेच जास्त असतात आणि संयुक्त फुले थोडी. संयुक्त फूल तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे असते आणि त्यात कामाचा पुंकेसर बहुधा एकच. परागकोश फुटण्याआधी, सकाळच्या वेळी, तो बारीक चिमट्याने अलगद काढायचा, दुसऱ्या वाणाचा पराग कुक्षीवर टेकवायचा आणि तुऱ्यावर मलमलची पिशवी बांधायची. जानेवारीत शिडीवर उभे राहून दिवसभर हे काम केले, तरी अशा फुलांपैकी फार थोड्यांना फळ धरते, आणि धरलेल्या फळांतीलही पुष्कळशी वाटाण्याएवढी होऊन गळतात. म्हणून आंब्यात शंभर खात्रीची संकरित रोपे मिळवणे हेच मोठे काम असते. ज्या एका संकरात मी स्वतः पिशव्या बांधल्या होत्या, त्यातीलही काही रोपे खुणांनी तपासल्यावर दुसऱ्याच नराची निघाली. त्यानंतर खुणांनी पितृत्व तपासल्याशिवाय कोणतेही रोप नकाशात घ्यायचे नाही, हा नियम मी कायमचा पाळला.

दुसरी गोष्ट, आंब्याच्या प्रत्येक झाडात गुणसूत्रांचे दोन्ही संच एकमेकांपासून बरेच वेगळे असतात. त्यामुळे दुसऱ्या पिढीची वाट न पाहता पहिल्याच पिढीत नकाशा काढता येतो. तो प्रत्येक पालकाचा वेगळा काढून मग जोडतात. जिथे एक पिढी पाच-सात वर्षांची असते, तिथे हा मोठाच दिलासा आहे.

आंबा आणि काजू यांच्या नकाशांची तुलना होऊ शकते का?

इथे मात्र नाते खरे आहे. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी आणि आपल्याकडे उडदमेथीत घालतात तो अंबाडा, हे सगळे एकाच कुळातले, पिस्ताही त्यातलाच. म्हणून पीचकडून आंब्याकडे जाण्यापेक्षा आंब्याकडून काजूकडे जाणे सयुक्तिक ठरते. पण प्रूनसमध्ये जितके सोपे गेले, तितके इथे जाणार नाही. प्रूनसच्या सगळ्या द्विगुणित जातींत गुणसूत्रे १६ च आहेत. इथे आंब्यात ४०, काजूत सामान्यतः ४२ आणि पिस्त्यात ३०. संख्याच वेगळी असल्यामुळे काही गुणसूत्रे तुटली किंवा जोडली गेली असणार, हे उघड आहे. शिवाय आंब्याचा संपूर्ण जीनोमही पूर्वी कधीतरी दुप्पट झाल्याचे दिसते, म्हणजे बऱ्याच जनुकांच्या दोन प्रती आहेत. काजूतल्या एका जनुकाची तुलना आंब्यातल्या नेमक्या कोणत्या प्रतीशी करायची हे आधी ठरवले नाही, तर सख्ख्या भावाऐवजी चुलत भावाशी तुलना होते आणि निष्कर्ष चुकतो. काम जिकिरीचे असले तरी ते कोकणातील दोन्ही मुख्य नगदी झाडांना एकत्र आणणारे आहे, म्हणून ते इथल्या संशोधकांनी हाती घ्यावे असे माझे आग्रहाचे मत आहे.

नकाशामुळे हापूसमधील साका जाईल का?

लगेच नाही. साका, म्हणजे पिकलेल्या फळाच्या गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा बिघाड, हा गुण केवळ जनुकांवर ठरत नाही. फळावरची उष्णता, काढणीचा काळ, बाठ्यातील बदल अशा गोष्टीही त्यात येतात, आणि त्याच झाडाची काही फळे चांगली तर काही साक्याची निघतात. असा गुण मोजायचा तर एकाच संततीतील प्रत्येक झाडाची पुष्कळ फळे, दोन-तीन हंगाम, कापून पाहावी लागतात. तरी वाट बंद नाही, हे वेंगुर्ले येथील संशोधनाने पूर्वीच दाखवले आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये आलेल्या रत्ना या वाणात साका होत नाही, आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये आलेल्या सिंधूचा बाठा अगदी पातळ आहे. अशा वाणांच्या संततीत खुणा लावून हे गुण गुणसूत्रांच्या कोणत्या भागातून आले ते शोधणे, ही नकाशाच्या कामाची स्वाभाविक पुढची पायरी आहे.

पीच किंवा जर्दाळू कोकणात लावता येईल का?

फळासाठी नाही. या झाडांना हिवाळ्यात ठरावीक तास कडक थंडी मिळाली तरच डोळे नीट फुटतात. कमी थंडीत येणारे वाणही आपल्या दमट किनाऱ्यावर समाधानकारक येत नाहीत.

खुणांच्या मदतीने निवडलेले झाड जीएम (प्रयोगशाळेत जनुके बदललेले) असते का?

नाही. इथे झाडात बाहेरचे काहीच घातले जात नाही. नेहमीसारखाच परागाने संकर होतो. खुणा फक्त कोणते रोप ठेवायचे ते सांगतात.

आमच्या परसात आजोबांच्या वेळचे रायवळ आंब्याचे झाड आहे. तपासणीसाठी नमुना कसा द्यावा?

ज्या प्रयोगशाळेशी आपले आधी बोलणे झाले असेल, तिच्या सूचना प्रथम पाळाव्यात. सर्वसाधारणपणे नुकत्याच फुटलेल्या पालवीतील, तांबूस आणि मऊ असलेली चार-पाच पाने घ्यावीत. जून, गडद हिरव्या पानात चीक आणि टॅनिनसारखी द्रव्ये इतकी असतात, की खलात वाटताना रस पाहता पाहता तपकिरी होतो आणि त्यातून निघणारा डीएनएही डागाळतो. पाने स्वच्छ ओल्या कपड्याने पुसून, टिपकागदावर कोरडी करून, सिलिका जेलच्या खड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावीत. खडे रंग बदलू लागले तर नवे घालावेत. भर पावसाळ्यात हे फारच आवश्यक आहे, कारण आपल्याकडच्या दमट हवेत साध्या कागदी पाकिटातली पाने दोन दिवसांत बुरशी धरतात. पिशवीवर गाव, वाडी, तारीख आणि झाडाचे घरात चालत आलेले नाव पेन्सिलीने लिहावे, कारण शाई ओलाव्याने फुटते. फळाची चव, पिकण्याचा महिना, बाठ्याला किती तंतू असतात आणि एका बाठ्यातून एकच रोप उगवते की अनेक, हेही एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे.